अकरा चिठ्ठ्या
गुलाबी कागद दिसला की परदेशात, बिशानमधली आमच्या मराठी मंडळाची सभा आठवते. तेव्हा मी एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन राज्याच्या गव्हर्नरच्या निवडणुकीवर प्रबंध लिहीत होते. तिथे एका पक्षाची मतपत्रिका गुलाबी, दुसऱ्याची पांढरी. मजुराचं मत गिरणीमालकाला लांबूनच दिसायचं. सभेत अध्यक्ष हसत म्हणाले, “मीच पुन्हा हवा असेन तर हात वर करा!” माझ्या शेजारचा इंजिनिअर त्यांच्यावर वैतागलेला होता, पण त्यांच्याच कंपनीत होता, नोकरी गेली की त्या देशात राहण्याचा पासही जाणार. त्याने मुकाट्याने हात उचलला. मी उभी राहिले. “काका, चिठ्ठ्या टाकूया.” “अगं, घरच्याच माणसांत कसली गुप्तता?” “घरच्यांसमोरच तर कोणी तोंड उघडत नाही!” लोक हसले, चिठ्ठ्या पडल्या. काकाच जिंकले, पण अकरा मतं विरोधात गेली. ती कोणाची, हे त्यांना आजही ठाऊक नाही. मी भांडले ते त्यासाठीच.