वाकवलेल्या सळ्या

माणच्या आमच्या घरावर भाड्याच्या खोल्या चढवायच्या होत्या. पुढच्या मजल्यासाठी कॉलमवर सोडलेल्या सळ्या दिरांनी मागे पत्रे टाकताना वाकवून ठेवल्या होत्या. मिस्त्रीने गॅस पेटवला होता; त्या लाल करून सरळ करणार होता. मी आडवी आले. कारखान्यात माझं कामच पोलाद ताणून, मोडून तपासायचं. सळईचा वरचा थर कडक असतो. लाल केली की तो मऊ पडतो. थंडच सरळ केली, तर वाकलेल्या जागी चिरते.

"कापा आणि नव्या बसवा," मी म्हणाले.

"वहिनी, समदं गाव असंच करतंय," दीर म्हणाले. "लोखंडाला काय हुतंय?"

"बरं, तापवा. पण त्या कॉलमवर उभ्या राहणाऱ्या खोलीत भाडेकरू न्हाई, तुमचा पलंग टाकायचा."

दीर काही बोलायच्या आत मिस्त्रीने गॅस बंद केला.