छातीतलं पाणी आणि प्लंबरकाका

प्लंबरकाकांनी उतारवयात बाटलीला हात घातला, आणि तोही बायकोला समोर बसवून, ही बातमी आमच्या जिन्यात चांगली खमंग चालली. ती पसरवण्यात आम्ही कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. मग खरं कळलं आणि आमची तोंडं एवढीशी झाली. बाटली होती काकूंच्या छातीतलं पाणी काढायची.

काकूंना स्तनाचा कर्करोग. फुफ्फुसाभोवती पाणी साचायचं; आडवं होणं सोडाच, भाजी चिरतानाही धाप लागायची. सुईने काढलं तरी पुन्हा भरायचं. शेवटी डॉक्टरांनी बरगड्यांपाशी एक मऊ नळी बसवून दिली. एक दिवसाआड तिला बाटली जोडायची आणि घरीच पाणी काढायचं. दवाखान्याच्या फेऱ्यांना विटलेल्या काकूंना हेच हवं होतं.

नर्स शिकवायला आली. हात धुणं, हातमोजे, सगळं झालं. "बाटलीच्या नळीवरची ही क्लिप हळूहळू उघडा. खोकला आला, दुखलं, की लगेच बंद."

"बाई, जन्मभर हेच करतोय," काका म्हणाले.

तिथेच माशी शिंकली. तुंबलेली मोरी मोकळी करावी तशी काकांनी क्लिप एका झटक्यात उघडली. काकूंना असा खोकला आणि अशी कळ आली की त्या पलंगाची कड धरून दुमडल्या. काकांनी क्लिप मिटली, नर्सला फोन लावला.

"दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं की असं होतं. थांबलात ते बरं. कळ थांबली नाही तर लगेच घेऊन या."

कळ ओसरली. काकांचा धीर मात्र गेला.

"मी नाही आता हात लावणार. दवाखान्यातच जाऊ."

"अहो, जगाच्या मोऱ्या मोकळ्या करता आणि बायकोला घाबरता?"

"मोरी ओरडत नाही गं. मी ठोंब्या, मला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद."

"मग तिसरी शिका. मला माझ्या पलंगावर झोपायचंय."

पुढच्या खेपेला काकूंनीच त्यांचं मनगट धरलं. काका घामाघूम. क्लिप केसभर उघडायची, काकूंच्या तोंडाकडे बघायचं, पुन्हा केसभर. खोकल्याची नुसती चाहूल लागली आणि काकांनी क्लिप मिटली. ती ओसरली की पुन्हा केसभर; असं करत करत पाणी निघालं.

आम्ही शहाणे गप्प बसतोय होय! जिन्यात गाठून विचारलंच, "काका, एवढे प्लंबर तुम्ही, ही गळती कायमची बंद नाही का करता येत?"

काका म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होत. पण काल ती आडवी झोपली आणि रात्रभर घोरली. भिंतीपलीकडे तुम्हाला ऐकू आलं नसेल तर तुमचं नशीब. मला आलं, हे माझं."