पुस्तक परत द्यायची जागा

अक्काचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हातानंच उचलला. "तुझ्या दाजींना गाडीनं उडवलं गं... लवकर ये," एवढंच ती बोलली. शहराबाहेरच्या शेंद्र्याहून मी छावणीत अक्काच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दाजी रोजच्यासारखे संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले होते. घराजवळच्या रस्त्याला फूटपाथ आहे म्हणायला, पण त्याच्या अर्ध्यावर पानटपरी आणि उरलेल्यावर कुणाची तरी मोटार उभी. म्हणून ते खाली रस्त्यावर उतरले, आणि राँग साइडनं मोटारसायकल आली.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद उरला होता, शहरांवरची पुस्तकं लोकांना वाचायला लावायची. कथा-कादंबरीचं नाव काढायचं नाही. शहराला पाणी कुठून येतं, कचरा कुठं जातो, कामगारांच्या वस्त्या कशा उठतात आणि कशा उठवल्या जातात... असली पुस्तकं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला सांगत बसायचे, आणि अक्का लांबून डोळे वटारायची. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "आपल्या बापजाद्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. शहरानं आत घेतलं, निदान दारापर्यंत तरी. मग हे घर चालतं कसं, ते बघायला नको व्हय?"

त्यांची पुस्तक द्यायची रीत मात्र विचित्र होती. घरात बसून ते कधीच पुस्तक देत नसत. पाण्यावरचं पुस्तक टँकरच्या रांगेत द्यायचे. कारखान्यांच्या गावांवरचं मला दिलं ते शेंद्र्याच्या फाट्यावर, कामगारांची पाळी सुटायच्या वेळी. आणि परत करायचं तर जिथं ते पटलं त्या जागी उभं राहूनच करायचं. मी त्यांना आमच्या शेतात बोलावलं. जमीन कारखान्यात गेल्यावर कंपनीच्या भिंतीला लागून जो तुकडा राहिला होता, त्यात सासूबाई खुरपत होत्या. तिथं मी ते पुस्तक दाजींच्या हातात दिलं. भिंतीकडं बघत ते म्हणाले, "पास झालीस."

त्यांनी मला दिलेलं शेवटचं पुस्तक पायी चालणाऱ्यांवरचं. शहर चांगलं की वाईट ते म्हातारं माणूस आणि लेकरू तिथं बिनघोर चालू शकतं का, यावरून ठरवावं, असं त्यात आहे. हे पुस्तक आधी अक्काच्या भागातल्या एका माजी नगरसेवकांकडं गेलं होतं. त्यांनी ते ड्रायव्हरच्या हाती परत पाठवलं, वरचा कागदसुद्धा काढला नव्हता. मग दाजींनी ते मला गुलमंडीच्या बाजारात दिलं, ऐन दिवाळीच्या गर्दीत, धक्के खात. मी म्हणाले, "दाजी, हे बाहेरच्या लोकांचे चोचले. आपल्याकडं फूटपाथ म्हणजे दुकानाची ओसरी."

"लई शहाणी हायेस. वाच तर आधी."

त्यानंतर भेटले की पहिला प्रश्न तोच, "पटलं का?"

"नाय अजून."

"मग राहू दे तुझ्यापाशी. घाई नाय."

पुण्यानुमोदनाला, दाजींच्या शोकसभेला, ते माजी नगरसेवक आले. फोटोला हार घातला, हात जोडले, आणि दाजी म्हणजे या शहराचा चालता-बोलता ज्ञानकोश होते, असं म्हणाले. चालत होते, तेच तर नडलं. मग कोपऱ्यावरच्या चौकाला दाजींचं नाव द्यायचा शब्द दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या... दुखवट्याच्या घरात टाळ्या. मी उठले आणि विचारलं, "साहेब, फूटपाथचं काय?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, आज तो विषय नको. आज दुःखाचा दिवस आहे." अक्कानं माझा हात ओढून मला खाली बसवलं. माझ्या अंगाची लाही झाली होती, आणि अजून ती शमलेली नाही.

दाजींच्या कपाटातली बाकीची पुस्तकं अक्कानं जुन्या साडीत बांधून ठेवली आहेत. कुणी मागायला आलेलं नाही. पायी चालणाऱ्यांवरचं तेवढं माझ्याकडं होतं. ते घेऊन परवा मी छावणीतल्या त्या रस्त्यावर गेले. पटलं, दाजी. पार पटलं. रीतीप्रमाणे ते तिथंच परत द्यायला हवं होतं. पण टपरी तशीच होती आणि मोटारही तशीच. मी खाली उतरले तर मागून हॉर्न, आणि एक जण ओरडून गेला, "अम्मा, मरना है क्या?" पुस्तक छातीशी धरून मी कशीबशी पलीकडं झाले. ते अजून माझ्याकडंच आहे. घ्यायला दाजी नाहीत, आणि द्यायला तिथं उभं राहीन म्हटलं तर जागा नाही.