मार्करच्या पेटीची मूठ

ज्ञानबा जीनगराला एका जागी घडीभर बसलेला कुनी बगितला असंल तर मला दाखवा, म्या माजा टांगा त्येच्या नावानं करीन! वीस वर्सं झाली, बाळी वेशीत त्येचं दुकान आन दुकानाम्होरं माजा टांगा. घोड्याचं जीन, लगाम, पट्टं समदं त्योच शिवनार. हात सोन्यासारका, पन मानूस म्हंजे तव्यावरचं पानी. टाका घालता घालता उटनार, रस्त्यावर जानार आन येनाऱ्या-जानाऱ्या टांग्याचा लगाम वडून बगनार. वळख न्हाय, पाळख न्हाय, फाटदिशी वडायचा! घोडं बिचकायचं, टांगेवाला त्येचा आयमाय काढायचा, आन ह्यो म्हननार, "कच्चा झालाय. बदल."

लोक हसायचं. म्या न्हाय हसलो कदी, कारन मला ठावं व्हतं. त्येचा थोरला भाऊ गुंडा माज्यासारकाच टांगा हाकायचा. त्येचा लगाम हातात धरायच्या जागी झिजला व्हता. ज्ञानबानं दोन टाकं घातलं आन म्हनला, "चालंल की अजून सा म्हैनं." चौथ्या दिशी सात रस्त्याच्या चौकात मोटारीचा भोंगा वाजला, घोडं उधळलं, लगाम गुंडाच्या मुठीतच तुटला आन गुंडा चाकाखाली गेला. तवापास्नं ज्ञानबाचा एकच कायदा. हातात धरायचं चामडं जुनं ठिवायचं न्हाय. बाकी कायबी शिवून घ्या, रंगवून घ्या, पन हात लागतो ती जागा नवी करायची. गिऱ्हाईक नगं म्हनलं तरी करायची.

ह्यो कायदाच त्येला एक डाव पुरता गोत्यात घिऊन गेला. गोऱ्या सरकारनं गावात लावलेला मार्शल लॉ उटून दोनतीन वर्सं झाली असतील तवाची गोष्ट.

सायब लोकांच्या क्लबात सिद्धनाथमामा मार्कर व्हतं. हिरव्या बनातीच्या, म्हंजे लोकरी कापडाच्या टेबलावर काठीनं गोळ्या ढकलायचा त्यो बिलियर्डचा खेळ, आन त्येचा डाव मोजनारा त्यो मार्कर. मामा नुस्तं मोजत न्हवतं, सायबांस्नी शिकवत व्हतं. एक सायब विलायतेला जाताना आपली काठी आन काठीची कातडी पेटी मामांना दिऊन गेला. हुभी केली तर छातीला लागंल येवडी लांब, नळीसारकी पेटी, मदी धरायला मूठ. तीस वर्सं मामा ती हातात घिऊन रोज क्लबात गेलं आन आलं, मुठीला अंगठ्याचा खळगा पडला. मंग डोळ्यात मोतीबिंदू पिकलं. क्लब सुटला. काठी कुटंतरी वाळवीनं खाल्ली, पेटी तेवडी ऱ्हायली.

मामांची लेक शिवबाई दुधनीस्नं आली, आपल्या बाला मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायला. खर्चाला पैसं पायजेलत, म्हनून मामांनी पेटी विकायची काडली. गिऱ्हाईक म्याच आनलं. गिरनीतला एक सायब सोमवारच्या मेलनं जानार व्हता, त्येला असलीच पेटी पायजे व्हती. त्यो म्हनला, "नीट करून दे, रविवारी सकाळी नऊला घिऊन जाईन." आन मामांची कुर्डुवाडीवरनं मिरजेला जायची गाडी रविवारीच दुपारची. समदं कसं ताळ्यावर बसल्यावानी वाटत व्हतं.

ज्ञानबानं पेटी हातात घेतली आन नाक मुरडलं. बुरशी आलेली, शिवन कुजलेली, आतली बनात कसरीनं चाळनी केलेली, बक्कल गंजून लाल. "बाळासो, मढं आनलंस का रं लेका?" असं मला म्हनला, पन डोळं चमकलं त्येचं. आट दीस त्येनं तिचा पिच्छा सोडला न्हाय. रिठ्याच्या पान्यानं धुतली, सावलीत वाळवली, मेन लावलेल्या दोऱ्यानं टाक्याला टाका भिडवून शिवली, आत नवी बनात लावली, पितळी बक्कल घातलं, तपकिरी रंग दिऊन आशी घासली की तोंड दिसावं. आन हो, मूठ नवी लावली. ती तर लावनारच! हात लागायची जागा!

शुक्रवारी सांजच्याला शिवबाई बाचा हात धरून दुकानात आली. ज्ञानबानं ऐटीत पेटी मामांच्या हातात दिली. मामांनी मूठ धरली. धरली ती लगीच सोडली. पुन्यांदा धरली. मंग वरपास्नं खालपर्यंत बोटं फिरवली, झाकन हुंगलं.

"ही माजी न्हाय," मामा म्हनलं.

"मामा, तुमचीच हाय की! नवी केलीया," ज्ञानबा हसत म्हनला.

"माजी न्हाय म्हनतो न्हवं! माजी पेटी कुटं हाय, जीनगरा?"

शिवबाई म्हनली, "आप्पा, तीच असंल." पन तिनं तरी ती पेटी नीट कदी बगितली व्हती? ती दुधनीला नांदनारी. मामा तिच्यावरच उखडलं. "तुला काय कळतंय? तीस वर्सं ह्या हातात व्हती. आंधळा दिसला म्हनून बदलली ह्येनं! चांगली पेटी दाबली आन ही कसलीतरी माज्या गळ्यात मारतोय!" आवाज असा चढला की पान्याच्या नळावरच्या बाया घागरी ठिवून बगाया लागल्या. "मला सायबाला न्हाय विकायची ही. माजी पेटी दे, न्हायतर सायब बी नगं आन मिरज बी नगं." आन मामा लेकीच्या खांद्यावर हात ठिवून चालायला लागलं.

आता बोला! घडीभरात साऱ्या पेठंत बोंब झाली. जीनगरानं आंधळ्याचा माल बदलला. त्याच सांजंला एक टांगेवाला आला आन अर्धं शिवलेलं जीन उचलून घिऊन गेला. ज्ञानबा दुकानात हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. आरी हातात घ्यायचा, ठिवायचा. मला म्हनला, "बापजाद्यापास्नं कुनी आमाला चोर म्हनलं न्हाय, बाळासो."

म्या म्हनलं, "आरं, जुनी मूठ दाखव की मामांना! हात लावला की वळकतील."

त्यो तिथंच मटकन खाली बसला. आन ह्यो बसतो म्हंजे काय झालं आसंल बगा. जुनं चामडं त्यो टाकत न्हवता. पोत्यात भरायचा आन दर गुरुवारी साखर पेठंतलं विनकर येऊन न्यायचं. मागावर धोटा हिकडनं तिकडं पळतो, दोनी टोकाच्या लाकडी खोक्यावर धडकतो, तितं चामड्याचा तुकडा ठोकावा लागतो. न्हायतर धोटा फुटतो. कालच गुरुवार झाला व्हता.

शनवारी दिवस उगवायला म्या टांगा जोडला. साखर पेठंत शिरलो तर घराघरात माग खडखडतायत, गल्लीत रंगाचं सूत वाळत पडलंय. ज्ञानबा टांगा थांबायच्या आदी उडी मारायचा. घरात घुसायचा, मागाच्या कडंला गुडघ्यावर बसायचा आन चालत्या मागात हात घालायचा. एका तेलगू म्हातारीनं त्येला झाडूनं हानला. खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. पन त्येचं तोंड बगितलं आन हसू गिळलं.

सातव्या का आटव्या घरात मल्लय्याच्या मागावर, डाव्या अंगाला, मूठ गावली. दोन खिळ्यांनी ठोकलेली. मदला खळगा, मामांच्या अंगठ्याचा, तसाच व्हता. धोटा येऊन त्याच खळग्यावर बसत व्हता, ठक्क.

"काड, काड ती!" ज्ञानबा वरडला.

मल्लय्यानं माग थांबवला न्हाय. शांत मानूस. म्हनला, "आज नाय. पदर चाललाय. ह्यो तुकडा बदलला की धोट्याचा धक्का बदलतो, कापडात रेघ पडती. साडी उतरली की घिऊन जा."

"कवा उतरनार?"

"दिवस कलताना."

ज्ञानबानं हात जोडलं, दुसरं नवं चामडं दितो म्हनला, जलमभर फुकट दितो म्हनला. मल्लय्या मान हालवायचा. "तुमी टाका वाकडा घालाल का कुनी घाई केली म्हनून? मंग मला कशाला सांगता?" कारागिराला कारागिराची जात कळती. ज्ञानबानं जोडलेलं हात खाली घेतलं.

आन मंग, देवाशपथ, त्यो बसला. सकाळपास्नं दिवस कलंपर्यंत. भिताडाला पाट लावून, मागाकडं बगत. पाय हालतायत, बोटं मांडीवर टाकं घालतायत, पन उटला न्हाय. धोटा यायचा, ठक्क. त्येच्या पापन्या मिटायच्या. पुन्यांदा ठक्क. "मामांच्या हातावर मारतोय बग," असं एकदा हळूच म्हनला. म्या भाकर आनली, खाल्ली न्हाय. मला माजं भाडं बुडाल्याचा राग यायला लागला व्हता, पन त्येला एकट्याला टाकून जाववंना. जीव नुस्ता टांगून ठिवल्यावानी झाला व्हता. साडी उतरायच्या आत मूठ फाटली तर? मामा तसंच दुधनीला निघून गेलं तर?

साडी उतरली. मल्लय्यानं स्वताच्या हातानं खिळं काडलं, मूठ फडक्यानं पुसून दिली. ज्ञानबानं दुकानात जाऊन आपली नवी मूठ उसवली आन जुनी शिवली. आपलाच टाका उसवताना त्यो कदीबी शिव्या घालतो, त्या दिशी घातल्या न्हाईत.

रविवारी साताला आमी मामांच्या खोलीवर. शिवबाईचं गाठोडं बांधून तयार. मामा भिताडाकडं तोंड करून बसलेलं. ज्ञानबानं पेटी त्येंच्या मांडीवर ठिवली. मामांनी मूठ धरली. अंगठा सरकत सरकत खळग्यात जाऊन बसला.

"हीच," मामा म्हनलं. मंग बोटं मागं गेली. "ही भोकं कसली?"

म्या म्हनलं असतं, कसरीनं खाल्लं. लबाड बोलायला काय लागतंय? पन ज्ञानबा म्हनला, "खिळ्याची. म्या तुमाला न इचारता मूठ काडली, मामा. विनकराला दिऊन टाकली. दोन दीस मागावर मार खात व्हती. म्या चुकलो." तवर त्येच्या तोंडात चुकलो ह्यो शबुद म्या कदी ऐकला न्हवता.

मामांचं पांढरं पडलेलं डोळं भरून आलं. "आन म्या तुला भर पेठंत चोर म्हनलो," त्ये म्हनलं. मंग इचारलं, "सायब कवा येनार?"

"नऊला," म्या म्हनलं.

"मंग ज्ञानबा, ही मूठ काड. तुजी नवी लाव."

ज्ञानबा माज्याकडं बगतोय, म्या त्येच्याकडं बगतोय. कालचा दिवस उपाशी बसून काडला, आन आता पुन्यांदा काड! "आवो मामा, आत्ता तर शिवली की!"

"पेटी सायबाला जाऊ दे. नव्या मुठीचीच बरी दिसंल त्येला." मामांनी मुठीवरनं हात उचलला न्हाय. "मिरजेला डोळ्यावर पट्टी बांधून आट दीस उतानं पाडून ठिवत्यात म्हनं. हालायचं न्हाय, वळायचं न्हाय. डोळं येतील का न्हाय, देव जानं. अंधारात हातात धरायला कायतरी वळकीचं पायजेल की रं."

ज्ञानबानं खिशातनं चाकू काडला. तिथंच उंबऱ्यावर बसला आन एकेक टाका असा उसवला की चामड्याला वरखडा सुदीक न्हाय. मूठ मामांच्या हातात दिली. मंग दुकानात पळत जाऊन नवी मूठ परत शिवली. नऊला सायब तितं आला, पेटी फिरवून फिरवून बगितली, खूश झाला, पैसं मोजून घिऊन गेला.

दुपारी म्या मामांना आन शिवबाईला टेसनावर न्यायला टांगा जोडला. वाटंत मामा म्हनलं, "बाळासो, जीनगराच्या दुकानाम्होरं थांबीव." थांबिवला. मामा टांग्यात हुभं ऱ्हायलं, एका हातानं दांडी धरली, दुसऱ्या हातातली मूठ वर केली आन नळावर ऐकू जाईल आशा आवाजात म्हनलं, "ऐका रं! पेटी माजीच व्हती. जीनगर चोर न्हाय. चूक माजी झाली."

दुकानातनं ज्ञानबा पळत आला. "मामांची न्हाय, चूक माजी हाय!" त्योबी वरडला.

"तू गप रं! माजी हाय म्हनतो न्हवं!"

"आवो पन मूठ म्या काडली की!"

बाया तोंडाला पदर लावून हसाया लागल्या. म्या म्हनलं, दोघंबी आरदी आरदी वाटून घ्या, कुर्डुवाडीची गाडी चुकंल. मामा खाली बसलं. ज्ञानबा तरीबी जाईना. सवयीनं घोड्याजवळ आला आन माजा लगाम फाटदिशी वडून बगितला.

"कच्चा झालाय," त्यो म्हनला. "परतून आलास की नवा लावतो. जुना टाकू नगंस."

"का रं? तूच तर टाकाया लावतोस."

त्येनं लगाम सोडला न्हाय. माज्या मुठीजवळच धरून हुभा ऱ्हायला. "गुंडाच्या हातातला लगाम म्या त्याच दिशी जाळला, बाळासो," त्यो म्हनला. "तुकडा तरी ठिवाया पायजे व्हता."