दुसरी सायली, उभी राहा!

आता हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. माझ्या पोरीची डिग्री निवडायला गेलो आणि भर हॉलमध्ये मी स्वतःची अशी काही वाट लावून घेतली की विचारू नका!

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा फ्लेक्स छापायचा गाळा आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. वाढदिवस, दहीहंडी, बारसं, सगळे बॅनर आपलेच. वीस वर्षांचा अनुभव! तेव्हा सायली बारावी झाल्यावर म्हणाली, "पप्पा, मला ग्राफिक डिझाइन करायचंय," तर सल्ला कोण देणार? मीच ना!

"तीन वर्षांची मल्टीमीडियाची डिग्री घे. सॉफ्टवेअर शिकायचं, कामाला लागायचं. विषय संपला."

"पप्पा, मला बी.एफ.ए. करायचंय. चार वर्षं. अक्षरं, चित्र, जाहिरात, सगळं हाताने शिकवतात."

"आणि ते बी.डेस. काय असतं?"

"तेही चार वर्षं. त्यात आधी लोकांची अडचण काय ते शोधायचं, मग डिझाइन."

"अडचण शोधायला चार वर्षं? माझ्या गाळ्यावर ये, चार मिनिटांत दाखवतो!"

आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "आधी तुमी कितवी शिकलास ता सांगा!" मी विषय बदलला.

फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते आणि आम्हा बापलेकीत बोलणं बंद. शेवटी असं ठरलं की अंधेरीच्या एका कॉलेजात मार्गदर्शनाचा कार्यक्रम आहे, तिथले सर सांगतील ती डिग्री. मी कबूल झालो. सर माझ्याच बाजूने बोलणार, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती!

जागा धरायला मी तासभर आधी पोचलो. एका खुर्चीवर मी, शेजारच्या खुर्चीवर रुमाल. सायली येतच होती. तेवढ्यात एक मॅडम आल्या आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक कागद ठेवून गेल्या. "अर्ध्या तासात 'पाणी वाचवा'चं पोस्टर काढा. वर नाव लिहा. कागद बघून सर सांगतील कोणाला कुठली डिग्री बरी."

सायलीचा पत्ता नाही! फोन लावला तर बंद. पोरीचा चान्स जाणार? मग म्हटलं, अरे, वीस वर्षांचा अनुभव काय लोणचं घालायला ठेवलाय? कागदावर ठसठशीत नाव टाकलं 'सायली' आणि केली सुरुवात.

वर गणपती. मधोमध हात जोडलेले साहेब. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंसाठी चौदा गोल. उरलेल्या दीड इंचात नळ. झकास!

आणि मला कुठे माहीत की सायली केव्हाच येऊन, फोन बंद करून, मागच्या रांगेत आपलं पोस्टर काढत होती!

सर आले. कागद चाळता चाळता थांबले. "सायली नावाच्या दोन मुली आहेत वाटतं."

मी मनात म्हटलं, असेल कोणीतरी.

सरांनी एक कागद वर धरला. रिकाम्या कळशांची लांबच लांब रांग, पुढे नळ, त्याला एकच थेंब. खाली एवढंच: 'पुढचा नंबर कोणाचा?'

"हिला डोळे झाकून बी.एफ.ए. द्या," सर म्हणाले. "हाताला वळण आहे. ही तीन वर्षांत उरकायची मुलगी नाही."

मग त्यांनी माझा कागद धरला. उलटा. मग सुलटा.

"हे चौदा गोल म्हणजे थेंब का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही सर, शुभेच्छुक!"

"हिला सध्या कुठलीच डिग्री नको. आधी एलिमेंटरीची चित्रकलेची परीक्षा द्यायला सांगा. दुसरी सायली, उभी राहा बघू!"

काय करतो? उभा राहिलो. मिश्यांसकट.

हॉल हसून असा फुटला म्हणून सांगू! मागून ओळखीचा आवाज आला, "पप्पाऽऽ!" वळून बघतो तर माझी पोरगी पोट धरून हसतेय, डोळ्यांत पाणी. मग मीही हसलो. कारण ती कळशांची रांग माझ्या लेकीने काढली होती हो! छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं.

बी.एफ.ए.चा फॉर्म मी स्वतः भरला. पुढे तिने सीईटी दिली, ॲडमिशन झालं, मी अख्ख्या चारकोपात पेढे वाटले. अभिनंदनाचा बॅनर मात्र सायलीने मला करू दिला नाही. तिने स्वतः केला, एकही फोटो न घालता, आणि आता गिऱ्हाइकं तसलाच मागतात!

पण सरांचा शब्द काही डोक्यातून जाईना. म्हणून हल्ली दर रविवारी सेक्टरमधल्या चित्रकलेच्या क्लासला जातो. परवा दारात एका पोराची आई भेटली. म्हणाली, "भाऊ, तुमच्या मुलाचंही शेडिंग कच्चं आहे का हो? कुठला तुमचा?"

मी पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हटलं, "वहिनी, मीच."