उर्दूकडून अर्धी, मराठीकडून अर्धी

परभणीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांनी मला फसवलं. माझी प्रयोगवही त्यांनी मधोमध उसवली, तिची उर्दू बाजू एका वकिलाच्या मुलाला दिली आणि त्याच्या नावाने तपासनीसांपुढे ठेवली. आता राग उरला नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल.

निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूत चालायची. मास्तर आमच्यासारखेच मराठी, वालूरकडचे, पण वर्गात उर्दूच बोलायचे. प्रयोग म्हणजे तजुर्बा, डोळ्यांना दिसेल तो मुशाहिदा, त्यातून निघेल तो नतीजा. उर्दू वही उजवीकडून उघडते. मी तीच वही उलटी धरून डावीकडून मराठीत लिहायचो. प्रयोग चालू असताना दिसेल ते पेन्सिलीने मराठीत आणि संध्याकाळी त्याचं उर्दू करून पलीकडून शाईने. दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकत यायच्या. कागद जपून वापरावा लागे, म्हणून अशा दुतोंडी वह्या बऱ्याच मुलांच्या होत्या. बाकीच्यांच्या मराठी बाजूला मात्र धोब्याला दिलेल्या कपड्यांचा हिशोब आणि पाठ करायचे श्लोक असत.

मास्तर नतीजा आधी सांगायचे. तो फळ्यावर लिहायचा, सगळ्यांनी उतरवायचा, मग वेळ उरला तर प्रयोग. काचेच्या नळीत काहीही होवो, साऱ्या वर्गाच्या वह्यांत एकच गोष्ट झालेली असे. मला ते जमत नव्हतं. माझे वडील ताडकळसच्या बाजारात मिरच्या विकायचे आणि मी लहानपणापासून त्यांच्याजवळ बसलेला. पोत्याच्या तोंडाशी दिसणारी मिरची पाहून मी कधी सौदा केला नाही. खालपर्यंत हात घालायचा, मग बोलायचं. विज्ञानही मी तसंच शिकलो.

शेवटच्या वर्षी बी उगवण्याचा धडा होता. पुस्तकात हरभरा होता. मी हरभऱ्याबरोबर सरकीही ओल्या फडक्यात बांधली. काही सरकी तशीच, काही आई पेरणीआधी घोळते तशी शेण-राखेत घोळून. कशाला घोळायची म्हणून आईला विचारलं तर ती म्हणाली, "सुटी पडती रं, एकमेकीला धरून बसत न्हाई." मला आणखी एक दिसलं. घोळलेली सरकी लवकर भिजली आणि आधी उगवली. शिवाय कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या ढिगातून आणलेली सरकी, जिचा ढीग आतून गरम लागायचा, ती फारशी उगवलीच नाही. मी सगळं लिहिलं. एक पुरचुंडी उंदरांनी खाल्ली, तेही लिहिलं.

वर्ग सुटल्यावर वही चाळताना मास्तर तिथे थांबले. "मुशाहिद्यात उंदीर लिहितेत का रं?"

"दिसला म्हणून लिवला, मास्तरसाब."

"लय शहाणा झालास. खोड ते."

मी खोडलं नाही.

त्या साली तपासनीस येऊन विज्ञानाच्या वह्या बघणार होते. ज्याची वही त्यांना पसंत पडेल त्याची औरंगाबादच्या कॉलेजात विज्ञानासाठी शिफारस होणार होती. मला दुसरा रस्ता नव्हता. वकिलाच्या मुलाला बापाच्या ओळखी होत्या, फक्त वही नव्हती. आणि मास्तर त्याच वकिलाच्या माडीवर राहायचे.

तपासायला म्हणून मास्तरांनी वह्या गोळा केल्या. तपासनीस यायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून माझी वही हातात दिली. हलकी लागली म्हणून पाहिलं, तर मधला दोरा कापलेला. हातात फक्त मराठी बाजू.

"उर्दूकडची पानं कुठं हायेत?"

"ते मी शिकवलेलं. ते शाळेचं. हे तुझं, तुझ्या भाषेतलं. घिऊन जा."

"सरकी तुमी शिकवली व्हती का? उंदीर तुमी शिकवला?"

"आवाज खाली कर."

मला राग आला की माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. तरी त्या क्षणी मी सौदाच मांडला. म्हटलं, दोघांची नावं घाला, मी तपासनीसांपुढे चकार शब्द काढणार नाही.

"हा काय बाजार हाय?"

"बाजारात माल कुणाचा हाय ते तरी इचारतेत, मास्तरसाब."

त्यांनी मला दाराबाहेर काढलं.

तपासनीस भले गृहस्थ होते. त्यांनी वकिलाच्या मुलासमोरची पानं सावकाश वाचली, मग हसून साऱ्या वर्गाला सांगितलं की उंदराने बी खाल्लं हेसुद्धा जो लिहितो, तो मुलगा विज्ञानात कधी खोटं बोलणार नाही. वकिलाचा मुलगा मान खाली घालून उभा राहिला. त्यांना तो विनय वाटला असावा.

मी उठलो. "साब, ती वही माझी आहे." आणि माझी अर्धी वही पुढे केली.

तपासनीसांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "याचं काम अधुरं आहे, साहेब. उर्दू बाजू यानं आणलीच नाही." तपासनीसांनी माझी पानं उलटीसुलटी केली. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. नियमाप्रमाणे वही उर्दूतच हवी होती. "अफसोस," म्हणून ते पुढच्या मुलाकडे गेले.

वकिलाचा मुलगा औरंगाबादला गेला. मी घरी परतलो.

पण मी रडत बसणारा माणूस नाही. वडिलांच्या मिरच्यांशेजारी मी सरकीचं पोतं मांडलं. विकत घेण्याआधी मूठभर सरकी ओल्या फडक्यात बांधायचो, उगवली तरच सौदा. जिनिंगवाले चिडायचे, म्हणायचे, याला व्यापार करायचा की शाळा काढायची? पुढे तेच माझ्या दुकानात येऊन कोणता माल घेतला म्हणून विचारू लागले. आजही दरसालची उगवण मी लिहून ठेवतो, आणि ज्या साली माझा अंदाज चुकला ते आधी लिहितो. मला कॉलेजात जागा मिळाली असती तर मी काय झालो असतो ते माहीत नाही. जो झालो त्याची मला लाज नाही. पण ती जागा मी हरलो नव्हतो. ती माझ्याकडून काढून घेतली.

मास्तर आता निवृत्त होऊन पिंगळीला राहतात. स्टेशनवर दिसतात, तब्येत विचारतात, लोकांना सांगतात की हा माझा विद्यार्थी. मी नमस्कार करत नाही, म्हणून लोक मला उर्मट म्हणतात. म्हणोत. मला त्यांची माफी नको, कौतुकही नको. मास्तरसाब, चारचौघांत उभं राहून एवढंच सांगा: ती सरकी कुणी भिजवली होती आणि तो दोरा कुणी कापला? तुम्ही हिंडताफिरता आहात, तुमची वाचा शाबूत आहे. उत्तर द्या.