इहिरीचं तेवढं सोडा

“म्याडम, तुमी खाली बसा. वर मान्यवर बसनार हायत.”

स्टेजच्या पायरीवर कार्यकर्त्यानं मला आणि आईला अडवलं. इंदापुरातला हॉल, जयंतीचा कार्यक्रम. स्टेजवर माझ्या पणजोबाचा मोठा फोटो, हार घातलेला. शेजारी खुर्च्यांची रांग. आमच्या घरासाठी त्यातली एकही नव्हती. हॉलात मागं कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी आई मुकाट सतरंजीवर बसली. सवयीनं. ते मला जास्त लागलं.

पणजोबा आमच्या महारवाड्यातला. शाळेत बाहेर पडवीत बसून शिकला. मास्तर त्याची पाटी लांबूनच बघायचे. इंग्रजांच्या काळात तोच माणूस मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेला. उभं राहून त्यानं विचारलं, सरकारी पैशातनं खणलेल्या विहिरीवर आम्हाला पाणी का भरू देत नाहीत? सभागृहात काहीजण हसले.

तो गावी आला, सरळ विहिरीवर गेला, पोहरा सोडला, पाणी प्याला. गावानं वस्तीचं सगळं बंद केलं. काम बंद, दुकान बंद, दळण बंद. पुढच्या निवडणुकीत आमच्या माणसांना मत द्यायला घराबाहेर पडू दिलं नाही. तो पडला. मग मरेपर्यंत वस्तीतली पोरं शिकवत राहिला. माफी मागितली नाही.

हे सगळं मी बोलणार होते. पण कार्यक्रम तात्यांचा. तात्या आमच्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य. त्या बंदीत त्यांचे आजोबा सगळ्यांच्या पुढं होते. त्यांनी मला स्टेजमागं घेतलं.

“आभाराचं चार शब्द बोला. इहिरीचं तेवढं सोडा. थोर समाजसुधारक व्हते म्हना, झालं.”

“ते कुणाशी लढले, तेही सोडू?”

“चांगल्या दिवशी वाकडं कशाला बोलती, पोरी?”

पोरी. मी कॉलेजात इतिहास शिकवते. डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. वरच्या खुर्चीतल्या एकालाही ते पोरा म्हणाले नसते.

माझं नाव पुकारलं. मी विहिरीपासूनच सुरुवात केली. कुणी अडवलं, कुणाच्या ओसरीवर बंदी ठरली, नावानिशी. माईक बंद झाला. तात्या बसल्या जागेवरनं हातानं ‘उतर खाली’ सांगत होते.

सतरंजीवरनं आई म्हणाली, “बोल तू. मला ऐकाय येतंय.”

बोलले. घसा फुटेस्तोवर. स्टेजवरचे दोघं उठून गेले. वस्तीतल्या बाया मागनं उठून पुढं आल्या आणि मान्यवरांच्या समोर उभ्या राहिल्या.

खाली उतरले, तर तात्यांचा माणूस जवळ आला. हळूच म्हणाला, “राग धरू नका. रिझर्वेशन पडलं की तुमचाच इचार करू, म्हनत्यात तात्या.”

पडलं की. म्हणजे तोवर गप्प बसायचं. दिलं तर घ्यायचं, आणि दिलं म्हणून आभार मानायचे.

या वेळी आमच्या गटाची जागा खुली आहे. मी त्याच जागेवर अर्ज भरणार. तात्यांच्या विरोधात. पडले, तर पुन्हा भरीन.